एका चुलीवरच्या दोघी

आमच्याकडं नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. पाहुणा आला की 'हे आमचं कुटुंब' म्हणतो आणि बायको पदर सारखा करून आत पाण्याला जाते. लग्नानंतर आमच्या मालकांनी पहिल्यांदा मला तसं म्हटलं तेव्हा मी मागं वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. मग कळलं, कुटुंब म्हणजे मीच, एकटी. सरकारी कागदावर मात्र कुटुंब म्हणजे घरातली सगळी माणसं. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ गावात सुखानं राहत होते. कुणाला त्यांची अडचण नव्हती. त्यांचं भांडण लागलं ते माझ्या हातानं, म्हणून हे मीच लिहायला पाहिजे.

आमचं गाव अणदूरपासून पायी दीड तासावर. मला गावातल्या गावातच दिली होती, त्यामुळं माहेर आणि सासर यांत एक गल्ली आणि एक मारुती. माझी मैत्रीण माझ्या माहेरच्या शेजारची. चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर लिहिलं. पुढं मी सातवीची फायनल पास झाले आणि ती शेळ्या राखायला लागली. उंच, काळी, हाडापेरानं दणकट. विहिरीत उडी मारली की बराच वेळ वर यायची नाही आणि मी काठावर रडकुंडीला यायचे. वर आली की माझ्याकडं बघून हसायची. ते हसू माझ्या मालकीचं आहे अशी माझी पक्की समजूत होती.

तिला परंड्याकडं दिली. दीड वर्षात ती परत आली आणि नांदणार नाही म्हणाली. का, ते तिनं बापालासुद्धा सांगितलं नाही. मारहाण नव्हती, सासू बरी होती, नवरा दारू पीत नव्हता. गावानं तोंड भरून हळहळ केली. मीही पदर डोळ्याला लावला, पण मला झाला तो आनंद. ती परत आली, आता रोज दिसणार, एवढंच माझ्या मनात होतं. बापानं तिला परड्यातल्या दोन खोल्या दिल्या, तोंडी. बाप गेल्यावर भावाचा डोळा त्या खोल्यांवर होता, पण गाव काय म्हणेल म्हणून तो गप्प होता.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. तिथं मातीकाम जोडीनं मिळायचं. एकानं खणायचं, दुसऱ्यानं पाट्या वाहायच्या, आणि दोघांनी मिळून खणलेली चौकडी मुकादम मोजायचा. जोड्या सगळ्या नवराबायकोच्या. ही बिननवऱ्याची, म्हणून ती माझ्याकडं आली. म्हणाली, मी खणते, तू पाट्या टाक, आपली जोडी लावू. आमच्या विहिरीला अजून हंडाभर का होईना पाणी होतं आणि मालकांचं म्हणणं असं की आपल्या घरच्या बायका कामावर जात नाहीत. मी तिला तेच सांगितलं.

"ते म्हणत्यात ते कळलं," ती म्हणाली. "तू काय म्हणतीस?"

मी ज्वारी निवडत होते, ती निवडत राहिले. ती थोडा वेळ उंबऱ्यावर बसली आणि उठून गेली.

आठवड्यानं ऐकलं की तिला जोडीदारीण मिळाली. कानडी मुलखातून एक टोळी कामावर आली होती, तिच्यातली एक विधवा बाई. गावानं तिचं नाव कधी विचारलंच नाही, सगळे कानडीण म्हणायचे. माझा भाऊही तिथं कामावर होता. मी मुद्दाम त्याची भाकरी घेऊन तलावावर गेले, हिला बघायला. लहानखुरी, हनुवटीवर हिरवं गोंदण, दात पुढं. दिसायला काही म्हणजे काही नाही. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात माझी मैत्रीण खड्ड्यातून वर आली, कानडिणीच्या डोक्यावरची चुंबळ सरकली होती ती तिनं नीट बसवली आणि हिच्या कपाळावरची माती आपल्या पदरानं पुसली. मुकादम म्हणाला, ही नवराबायकोची जोडी लई कामाची हाय. सगळे हसले. माझी मैत्रीण हसली. कानडिणीला कळलं नव्हतं तरी ती हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी भावाची भाकरी तशीच घेऊन घरी आले. भाऊ त्या दिवशी उपाशी राहिला, त्यानं मला पुढं कितीतरी दिवस ऐकवलं.

पाऊस झाला, टोळ्या परत गेल्या. कानडीण गेली नाही. त्या दोन खोल्यांत राहिली. दोघींनी आधी एक भाकड म्हैस सांभाळली, ती व्याल्यावर दुसरी घेतली. गावानं तिला 'मानलेली बहीण' म्हणायचं ठरवलं. हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द आहे, त्याच्याखाली काहीही झाकतं. कुणी त्यांना वाकडा शब्द बोललं नाही. त्यांच्या दारात ताक न्यायला येणाऱ्यांत बामणापासून लव्हारापर्यंत सगळे होते, आणि मीही होते. आमच्या घरी ताक ढीग असायचं. तरी मी किटली घेऊन जायचे, कारण मला बघायचं असायचं.

आणि बघून जळायचं असायचं, हेही खरं. दोघींत एकच फणी होती. संध्याकाळी कानडीण तिच्या केसांना तेल लावायची आणि दोघी कानडीत बोलायच्या. माझी मैत्रीण कानडी शिकली. शाळेत जिला पाढे पाठ होत नव्हते, ती दोन वर्षांत फाडफाड कानडी बोलायला लागली. मी दारात दिसले की मराठी सुरू व्हायचं, आणि तेच माझ्या जिवाला लागायचं. कानडीण गोठ्यातून आली की एक वाक्य रोज म्हणायची, 'ऊटा आयता?' माझी मैत्रीण मान हलवायची आणि तिचा चेहरा असा व्हायचा की मी दुसरीकडं बघायचे. काहीतरी मोठं गुपित असेल असं मला वाटायचं. शेवटी नळदुर्गच्या बाजारात एका बांगडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, अहो, जेवलीस का म्हणून विचारतात. मी घरी आले आणि मोजून बघितलं, लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मला हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या रात्री मी कालवणात मीठ घालायचं विसरले आणि त्यावरून बोलणी खाल्ली.

पुढं गावात दुधाची सोसायटी निघाली. आम्ही तिला डेअरी म्हणायचो. लिहायला माणूस हवा होता आणि मी फायनल पास, शिवाय मालक पुढाऱ्यांत ऊठबस करणारे, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, लॅक्टोमीटर बुडवायचा, वहीत लिहायचं. सभासदांचे अर्जही मीच भरले. नियम असा की एका कुटुंबातून एकच सभासद, आणि घरात आणखी कोण आहे ते नात्यासकट लिहायचं.

त्या दोघी एकदमच आल्या. मैत्रिणीचं नाव सभासद म्हणून घातलं. मग कानडिणीचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं. नात्याच्या रकान्यावर मी थांबले आणि विचारलं, काय लिहू? मला वाटलं, बहीण म्हणेल.

ती म्हणाली, "लिही की, कुटुंब."

ती हसली नाही, लाजली नाही. आमचे मालक पाहुण्याला सांगतात त्याच आवाजात तिनं सांगितलं. कानडीण मागं किटली धरून उभी होती. तिला आता मराठी चांगलं कळत होतं. तिनं पदर सारखा केला, आणि त्याचा मला फार राग आला. मी 'बहीण' लिहू शकले असते. माझी मैत्रीण काही वाचून बघणार नव्हती. पण मी 'कुटुंब' लिहिलं, वळणदार अक्षरात. तेव्हा वाटलं होतं, ती म्हणाली म्हणून लिहिलं. आज वाटतं, मी ते जपून ठेवलं.

दोनतीन वर्षांनी डेअरीच्या संचालक मंडळात एक जागा बाईसाठी निघाली आणि माझी मैत्रीण तिच्यावर निवडून आली. तिनं पहिल्या बैठकीतच एक ठराव करून घेतला. एका चुलीवर जे जेवतात ते एक कुटुंब, मग नातं कुठलंही असो. पुरुष मंडळींनी फार विचार न करता अंगठे उठवले. त्या ठरावानं काय केलं ते नंतर लक्षात आलं. वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब, म्हणून नणंदेबरोबर राहणारी विधवा सभासद झाली. सासूनं पोटाशी धरलेली, नवऱ्यानं टाकलेली एक सून सभासद झाली. तुळजापूरच्या देवीचा लुगडं नेसणारा एक आराधी होता, तो आणि त्याचा चेला मिळून एक गाय पाळायचे, त्यांचंही नाव लागलं. आराधी दूध घालायला आला की नव्या नवरीसारखा ओळीत उभा राहायचा. माझी मैत्रीण त्यांच्यात पाटलीणबाईसारखी फिरायची, आणि दूध घालून झालं की कानडीण तिच्या हातातली रिकामी किटली आपल्या हातात घ्यायची.

पुढच्या निवडणुकीत या सगळ्या चुलींनी मत दिलं आणि चेअरमनची खुर्ची पहिल्यापासून ज्यांच्या घरात होती त्यांच्या घरातून गेली. खुर्ची गेल्यावर त्या लोकांना एकदम धर्म आठवला. दहा वर्षं ज्यांच्या हातचं ताक प्याले, त्या दोघींकडं बघून आता गाव बुडायला लागलं. मारुतीच्या पारावर भाषणं झाली. आज बाईचं कुटुंब बाई, उद्या म्हशीला कुटुंब म्हणतील. आपल्या लेकीबाळींनी हे बघून काय शिकायचं? लग्न कशाला करायचं मग? एक म्हातारी पारावरच म्हणाली, आपला खंडोबा काही दिवस अणदुरात ऱ्हातो न् काही दिवस नळदुर्गात, त्येला कुणी इचारलं का तुजं घर कंचं? लोक हसले, पण भाषण थांबलं नाही.

आमचे मालक त्याच पॅनलमध्ये होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की डेअरीच्या कागदात काहीतरी लिहिलेलं आहे. त्यांनी मला विचारलं, त्या दोघींचा अर्ज कुठं आहे? पुष्कळ बायका अशा वेळी म्हणतात, नवऱ्यानं सक्ती केली. माझ्यावर कुणी सक्ती केली नाही. मी फडताळ उघडलं, गठ्ठा सोडला आणि कागद काढून दिला. मला तो शोधावासुद्धा लागला नाही.

वार्षिक सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. तालुक्याहून निबंधक कार्यालयातले एक साहेब आले होते, वयस्कर, कंटाळलेले, पण माणूस वाईट नव्हता. मालकांच्या पॅनलनं तो अर्ज त्यांच्यापुढं ठेवला. एकीच्या नावापुढं दुसरीला कुटुंब लिहिलंय, हे संस्थेला मान्य आहे का? साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, कुटुंब म्हणजे एका घरातली माणसं, त्या अर्थानं लिहिलं असेल. अर्ज कुणी भरला? लोकांनी माझ्याकडं बोट केलं. मी उभी राहिले.

साहेबांनी मला उत्तर अगदी हातात देऊन विचारलं, घरातली माणसं या अर्थानंच लिहिलं ना बाई, की लिहिताना चूक झाली?

दोन्ही दारं उघडी होती. व्हय म्हटलं असतं तरी त्या दोघी सुटल्या असत्या आणि चूक म्हटलं असतं तरी सुटल्या असत्या. माझी मैत्रीण बायकांच्या पुढच्या ओळीत बसली होती. तिला माझ्याबद्दल जराही शंका नव्हती, तिच्या बसण्यावरून ते दिसत होतं. तिच्या शेजारी कानडीण. गर्दी होती म्हणून तिचा गुडघा हिच्या गुडघ्याला टेकला होता. मी तो गुडघा बघितला. मला आठवलं की त्या जागी मी बसायची होते.

मी म्हटलं, "चूक न्हाय झाली साहेब. गडीमाणूस बायकूला म्हणतो तसंच म्हणली व्हती ती. म्या तसंच लिवलं."

साहेबांनी चष्मा काढला. माझी मैत्रीण माझ्याकडं बघत राहिली आणि मी तिच्याकडं. खरंच तेच होतं. एक अक्षर मी खोटं बोलले नव्हते, आणि इतकी घाण गोष्ट मी आयुष्यात दुसरी केली नाही.

ठराव हात वर करून झाला. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची मुलं. नवरा नसलेली बाई बापाच्या, भावाच्या किंवा मुलाच्या कुटुंबात धरावी. नणंदभावजयींची नावं गेली, सासूसुनेचं गेलं, आराध्याचं गेलं. आराध्यानं जाताना कवड्यांची माळ कपाळाला लावून सभेलाच नमस्कार केला, आणि पोरं हसली. मैत्रिणीची संचालकाची जागा गेली. दुसऱ्या दिवसापासून तिचं दूध डेअरीत घ्यायचं नाही असं मला लेखी आलं.

खरा घाव मात्र पुढं होता आणि तो मला दिसत होता. सगळ्या गावानं हात वर करून सांगितलं होतं की ती भावाच्या कुटुंबातली. मग भावाला आता कुणाची भीड? तो तिसऱ्या दिवशी परड्यात जाऊन उभा राहिला. तू आमचीच आहेस, खुशाल राहा, पण ती कानडीण बाहेर काढ. नाहीतर दोघी खोल्या सोडा. आठ दिवस दिले.

ते आठ दिवस मी कसे काढले ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी आनंदात होते. माझं मन म्हणत होतं, जाईल कानडीण. तिचा मुलूख आहे, तिचे लोक आहेत, ती जाईल. मैत्रीण चार दिवस रडेल, माझ्याशी बोलणार नाही, महिना बोलणार नाही, वर्ष बोलणार नाही. पण मग एकटी पडेल आणि येईल. मी दोन खोल्यांत तिच्या शेजारी बसेन, तिच्या केसांना तेल लावीन. मी एक नवी फणी घेऊन ठेवली होती. हे वाचून कुणाला माझी कीव आली तर येऊ द्या, मला तेव्हा स्वतःची कीव आली नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी ती डेअरीत आली. ओळ लागलेली होती, बायका, गडी, किटल्या. ती ओळीत उभी राहिली नाही, सरळ माझ्या टेबलापाशी आली. बाहेर रस्त्यावर कानडीण दोन्ही म्हशींची दावी धरून उभी होती. म्हशींच्या पाठीवर गोधड्या बांधल्या होत्या. एकटी कानडीण जायची असती तर एकच म्हैस निघाली असती. इथं दोन्ही होत्या.

मी म्हटलं, तू कुठं निघालीस, तुला थोडंच काढलंय? ती म्हणाली, कानडिणीच्या मावशीकडं, अक्कलकोटच्या पलीकडं. तिकडं वैरण बरी हाय. जशी काही बाजाराला निघाली होती. मग टेबलावर दोन्ही हात टेकून ती वाकली आणि माझ्या एकटीला ऐकू येईल असं बोलली.

"खरं बोललीस त्येचा राग न्हाय मला. पर अर्धंच बोललीस."

मी विचारलं, अर्धं कसलं?

"तुजं सांगायचं ऱ्हायलं की," ती म्हणाली. "म्या वाट बघत व्हते सभेत. एवढं बोलायला उठलीय तर आज समदंच बोलंल म्हणून."

तिला माहीत होतं. विहिरीच्या काठापासून सगळं माहीत होतं. इतकी वर्षं मी किटली घेऊन कशाला येते हे तिला माहीत होतं आणि तिनं दरवेळी माझ्या किटलीत ताक घातलं होतं. ओळीतली पुढची बाई म्हणाली, घ्या की आमचं दूध, उशीर व्हतोय. मी त्या बाईचं दूध मापलं आणि आकडा वहीत लिहिला. वर बघितलं तर टेबलापुढं माझी मैत्रीण नव्हती. दारातून दिसलं, एक दावं तिनं आपल्या हातात घेतलं होतं आणि त्या दोघी म्हशींच्या दोन बाजूंनी अक्कलकोटच्या रस्त्याला लागल्या होत्या. कानडीण काहीतरी म्हणाली आणि माझ्या मैत्रिणीनं मान हलवली.

पुढं त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. लोक विचारतात, पश्चात्ताप होतो का. होतो, पण तो दुसऱ्या नंबरला. पहिला नंबर अजून त्याच जळफळाटाचा आहे. त्या सकाळी तिनं मला 'चल' म्हटलं असतं तर मी गेले नसते. मालक, दोन पोरं, घर, हे सोडून मी गेले नसते, हे मला तेव्हाच ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. तरी तिनं नुसतं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? तिनं विचारलं नाही. त्याचाच राग मला या वयातही येतो.